विश्लेषण: भाला, बंदूक, फासा की चित्ता? शिकारी शाहू महाराज आणि राधानगरीचे जंगल

राधानगरी अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय धनुष्यबाण घेऊन प्रवेश करणे हाही आज गुन्हा आहे. बाण सुटला की नाही, प्राणी मेला की नाही, हा पुढचा प्रश्न. दुसरीकडे मोबाइलवर कंपाउंड धनुष्याच्या जाहिराती दिसतात आणि कमी पैशांत शिकारीसाठी कोणते धनुष्य घ्यावे, हे सांगणारे परदेशी व्हिडीओही सहज समोर येतात.

शिकारीसाठी कोणते साधन घ्यावे आणि त्यावर किती खर्च करावा, हा प्रश्न राधानगरीच्या परिसराला नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी हे जंगल कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे राखीव जंगल होते. आरक्षण, वसतिगृहे आणि सक्तीच्या शिक्षणासाठी ओळखले जाणारे राजर्षी शाहू महाराज हे पट्टीचे शिकारी होते. त्यांनी कोणती साधने वापरली, शिकारीची किंमत कोणी मोजली आणि या जंगलाचे पुढे काय झाले, ते जाणून घेऊ.

शाहू महाराज शिकारीकडे कसे वळले?

शाहू महाराजांचा जन्म 26 जून 1874 रोजी कोल्हापुरात, कसबा बावड्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्यात झाला. कागलच्या जहागीरदार घाटगे घराण्यातील या मुलाचे नाव यशवंतराव. आई राधाबाईंचे निधन झाले तेव्हा ते अवघे तीन वर्षांचे होते. 17 मार्च 1884 रोजी कोल्हापूरच्या गादीवर त्यांचे दत्तकविधान झाले आणि यशवंतरावांचे शाहू छत्रपती झाले. दोनच वर्षांनी वडील आबासाहेब घाटगेही गेले.

लहान वयात आई-वडील गमावलेल्या या राजपुत्राला 1885 मध्ये राजकोटच्या राजकुमार कॉलेजात पाठवण्यात आले. संस्थानिकांच्या मुलांसाठीच्या या शाळेत पुस्तकांइतकेच महत्त्व घोडेस्वारी आणि मैदानी खेळांना होते. भावनगरचे राजपुत्र भावसिंहजी येथेच त्यांचे मित्र झाले. ही मैत्री आयुष्यभर टिकली. 1890 पासून धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली पुढचे शिक्षण झाले.

2 एप्रिल 1894 रोजी महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला तेव्हा त्यांचे वय वीसही पूर्ण नव्हते. धिप्पाड देह, कुस्तीचे वेड, घोड्यांची उत्तम पारख आणि जंगलाची ओढ घेऊन हा तरुण गादीवर बसला. त्या काळच्या बहुतेक संस्थानिकांप्रमाणे शिकार त्यांच्या दिनक्रमाचा भाग झाली. फरक इतकाच की शिकारीच्या निमित्ताने ते राजवाड्याबाहेर पडत, माळावर मुक्काम करत आणि एरवी राजापर्यंत न पोहोचणारी माणसे त्यांना तिथे भेटत.

त्या काळी शिकारीची साधने कोणती होती?

कोल्हापूर संस्थानाचा भूगोल दोन टोकांचा होता. पूर्वेला कमी पावसाचे माळ आणि काळ्या मातीची सपाट रानं, तर पश्चिमेला सह्याद्रीचा कडा. तिथे पावसाळ्यात दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. माळावर काळविटांचे कळप आणि रानडुकरे होती. राधानगरी, दाजीपूरच्या दाट जंगलात गवे, सांबर, बिबटे आणि वाघ होते. त्यामुळे कुठल्या रानात आणि कुठल्या प्राण्यामागे जायचे, यावरून साधन ठरत असे.

सर्वात स्वस्त साधन होते फासा. दोरीचे किंवा तातीचे गळफास जनावरांच्या वाटेवर मांडून ठेवायचे आणि कळपाला हळूहळू त्या दिशेने वळवायचे. साधनाला फारसा पैसा लागत नाही, पण वारा, माग आणि जनावराची सवय यांचे ज्ञान अफाट लागते. फासेपारधी समाजाचे नावच या साधनावरून पडले आहे. धनुष्यबाणही अशाच कमी खर्चाच्या साधनांपैकी एक. बंदुकीचा काळ आल्यावर दरबारी शिकारीतून धनुष्य मागे पडले आणि मुख्यतः जंगलात राहणाऱ्या समाजांच्या हाती उरले.

दुसरे साधन भाला. भरीव बांबूचा लांब दांडा आणि त्याला पोलादी पाते. भाला स्वतः फार महाग नव्हता. खरा खर्च घोड्याचा होता. खाचखळग्यांच्या रानातून भरधाव पळणारा, डुक्कर उलटून अंगावर आले तरी न बुजणारा घोडा तयार करायला वेळ आणि पैसा दोन्ही लागे.

तिसरे साधन बंदूक. दाट जंगलात तिचाच उपयोग. पण तिथे एकट्या शिकाऱ्याचे काम नसे. जनावर उठवण्यासाठी हाकारा करणारी माणसे लागत. रान पिंजत, डबे-ढोल वाजवत ही माणसे जनावर शिकाऱ्याच्या दिशेने आणत. जखमी जनावर उलटले तर पहिला धोका त्यांनाच असे.

चौथे आणि सर्वात महागडे साधन म्हणजे जिवंत चित्ता.

चित्त्याकडून शिकार कशी होत असे?

चित्त्याकडून काळविटाची शिकार करण्याची प्रथा भारतात मोगलांच्या काळापासून जोरात होती. विसाव्या शतकात ती मोजक्या संस्थानांत उरली. त्यात कोल्हापूर आणि भावनगर ही दोन नावे ठळक होती. शाहू महाराज आणि भावसिंहजी या दोन्ही मित्रांच्या राज्यांत चित्ते पाळले जात.

चित्त्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी बांधून त्याला गाडीवर बसवत. काळविटांना शेतातल्या गाड्यांची सवय असल्याने गाडी बरीच जवळ नेता येई. योग्य अंतरावर टोपी काढली जाई. चित्ता काळवीट हेरून उडी घेई आणि काही सेकंदांत वेग पकडे. हा जगातला सर्वात वेगवान धावणारा प्राणी, पण त्याचा दम फार थोडा. काहीशे मीटरमध्ये काळवीट हाती लागले नाही, तर तो पाठलाग सोडून देतो. शिकार साधली, तर चित्तेवान धावत जाई, चित्त्याला बक्षीस म्हणून मांस किंवा रक्त देई आणि पुन्हा टोपी चढवी.

महाग का? पाळलेल्या चित्त्यांची पैदास जवळजवळ होत नसे. मोगल बादशहा जहांगीरच्या काळातील एकच अपवाद इतिहासात नोंदलेला आहे. म्हणजे प्रत्येक चित्ता रानातून पकडूनच आणावा लागे. आईकडून शिकार शिकलेले वाढलेले जनावर पकडायचे, काही महिने माणसाची सवय लावायची, रोज मांस पुरवायचे आणि त्याच्यामागे चित्तेवानांची माणसे कायम ठेवायची. भारतातले चित्ते संपत आल्यावर ते आफ्रिकेतून जहाजाने आणले जाऊ लागले. 1918 ते 1945 या काळात भारतात किमान 200 चित्ते बाहेरून आणले गेल्याची नोंद आहे. कोल्हापुरातील चित्तेवान घराण्यांचे कसब शाहू महाराजांनंतर राजाराम महाराजांच्या काळातही टिकून होते.

फासेपारध्यांशी महाराजांचे नाते काय होते?

ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांवर जन्मतःच गुन्हेगाराचा शिक्का मारला होता. गावात चोरी झाली की पहिला संशय त्यांच्यावर. ठरलेल्या वेळी चावडीवर किंवा पोलिसांपुढे हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही, असा नियम. शिकारीवर जगणाऱ्या माणसाला रानात जायचीच बंदी केली, तर त्याने खायचे काय, याचे उत्तर कायद्यात नव्हते.

शिकारीच्या मुक्कामांमुळे महाराजांना या लोकांचे दुसरे रूप माहीत होते. माग काढणे, रात्र रात्र जागून राखण करणे, जनावराची चाल ओळखणे यात त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हते. महाराजांनी फासेपारध्यांना कोल्हापूरजवळच्या सोनतळी येथे आसरा दिला आणि आपल्या मुक्कामाच्या पहाऱ्यावर नेमले. ज्यांच्यापासून राखण करायची असे सरकार सांगत होते, त्यांच्याच हाती राजाची राखण आली. 1918 मध्ये महाराजांनी संस्थानातील हजेरीची पद्धत बंद केली.

शिकारीची दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. संस्थानी शिकारीत हाकाऱ्यासाठी गावची माणसे बोलावली जात, आणि अशी सरकारी कामे अनेकदा वेठबिगारीने, म्हणजे मोबदल्याशिवाय करून घेतली जात. राखीव रानातील डुकरे शेतात घुसली तरी शेतकऱ्याला हात बांधून बसावे लागे. देशातील जवळजवळ सर्व संस्थानांत हे चालत होते. महाराजांनी 1920 मध्ये कोल्हापूर संस्थानातील वेठबिगारीवर बंदी घातली.

राधानगरीत शिकारीच्या जंगलाऐवजी धरण का?

महाराजांच्या कारकिर्दीची पहिलीच वर्षे दुष्काळाची होती. 1896-97 आणि पुन्हा 1899-1900 मध्ये पावसाने दगा दिला. त्यात प्लेगची भर पडली. स्वस्त धान्याची दुकाने, रोजगाराची कामे, विहिरी असे तातडीचे उपाय झाले. पण एक विरोधाभास डोळ्यांपुढे होता. संस्थानाच्या पश्चिमेला धो धो पाऊस पडत होता आणि ते पाणी वाहून जात होते, तर पूर्वेची शेतं करपत होती.

1902 मध्ये सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी महाराज इंग्लंडला गेले. याच दौऱ्याच्या काळात, 26 जुलै 1902 रोजी, संस्थानाच्या नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवण्याचा ऐतिहासिक हुकूम निघाला. परतल्यावर पाटबंधाऱ्यांचे स्वतंत्र धोरण आखण्यात आले आणि संस्थानात पाणी अडवण्याच्या जागांची पाहणी सुरू झाली.

त्यातून भोगावती नदीवरची फेजिवडे गावाजवळची जागा पुढे आली. 1907 मध्ये धरणाची योजना ठरली आणि तिथे नवे गाव वसवले गेले. महाराजांची कन्या राधाबाई, म्हणजेच आक्कासाहेब, यांच्या नावावरून गावाचे नाव राधानगरी ठेवण्यात आले. जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव मिळाले. 1908 मध्ये राधाबाईंचा विवाह देवासच्या पवार घराण्यात झाला आणि 1909 मध्ये धरणाचे प्रत्यक्ष काम सुरू झाले.

हे धाडस का होते, ते आकड्यांवरून कळते. 1901 च्या शिरगणतीनुसार कोल्हापूर संस्थानाची लोकसंख्या सुमारे 9 लाख 10 हजार होती. आजच्या एखाद्या मध्यम शहराइतकी. त्यातही जहागिरींचा भाग वेगळा. एवढ्या राज्याच्या तिजोरीतून दगड-चुन्याचे मोठे धरण बांधायचे होते. त्याच वर्षांत शाहू मिल उभी राहत होती, विद्यार्थ्यांसाठी जातीजातींची वसतिगृहे उघडली जात होती आणि खासबागचे कुस्ती मैदान बांधले जात होते. पुढे 1917 मध्ये मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा खर्चही त्यात आला.

महाराजांनी शिकार सोडली नाही, हेही तितकेच खरे. राधानगरीतील हत्तीमहाल आणि जलाशयातील बेनझीर व्हिला ही वास्तू त्यांच्या तिथल्या मुक्कामांची आठवण देतात. हत्तीला डिवचून त्याच्या तावडीतून निसटण्याचा साठमारीचा खेळही त्यांच्या आवडीचा होता. मात्र शिकारीच्या रानालगत त्यांनी सर्वात मोठा पैसा घातला तो पाणी अडवण्यासाठी. राजवाड्याच्या हौसेतून पाहिलेल्या दऱ्याखोऱ्यांतच शेतकऱ्याच्या पाण्याची जागा सापडली.

1918 मध्ये काय घडले?

चारही साधनांत महाराजांचा विशेष ओढा घोड्यावरून भाल्याने केलेल्या डुकराच्या शिकारीकडे होता. या शिकारीत अंतर नसते. डुक्कर सरळ पळत नाही, अचानक वळते आणि जखमी झाले तर थेट घोड्यावर चाल करून येते. स्वाराची नजर डुकरावर असते, त्यामुळे पुढची चर किंवा ओघळ दिसत नाही. या खेळातले बहुतेक अपघात डुकराच्या सुळ्यांपेक्षा घोडा कोसळल्याने होत.

महाराजांना दोन मुलगे होते, राजाराम आणि शिवाजी. धाकट्या शिवाजींचा जन्म 1899 चा. वडिलांची घोडेस्वारीची आणि शिकारीची आवड त्यांच्यात उतरली होती. 1917 मध्ये सासवडच्या जगताप घराण्यातील इंदुमती यांच्याशी त्यांचा विवाह झाला. जून 1918 मध्ये रानडुकराचा पाठलाग करताना झालेल्या अपघातात राजपुत्र शिवाजींचा मृत्यू झाला. त्यांचे वय एकोणीस वर्षांचे होते. लग्नाला जेमतेम एक वर्ष झाले होते.

ज्या खेळाने महाराजांना आयुष्यभर आनंद दिला, त्यानेच मुलगा नेला. हा धक्का त्यांनी अखेरपर्यंत पचवला नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांची प्रकृती पुढच्या वर्षांत खालावत गेली.

घरात अकरा-बारा वर्षांची विधवा सून होती. त्या काळी राजघराण्यातील विधवेचे आयुष्य म्हणजे राजवाड्याच्या एका कोपऱ्यात, पडद्याआड संपणे. महाराजांनी इंदुमतींना त्या कोपऱ्यात बसू दिले नाही. घरातला विरोध बाजूला ठेवून त्यांनी सोनतळी येथे त्यांच्या शिक्षणाची सोय केली. सोबतीला वेगवेगळ्या जातींतील मुली ठेवल्या. सुनेने डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही, पण महाराजांच्या निधनानंतर इंदुमतीदेवी मॅट्रिक झाल्या आणि पुढे कोल्हापुरात स्त्री-शिक्षणाच्या कामात त्यांनी आयुष्य घातले. 1917 मध्ये महाराजांनी संस्थानात विधवा पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा केला होता. वर्षभरात तोच प्रश्न त्यांच्या स्वतःच्या घरात उभा राहिला होता.

1918 मध्ये आणखी एक काम अडले. पैशांच्या अडचणीमुळे राधानगरी धरणाचे बांधकाम थांबले. भिंत अर्धीच राहिली. मात्र वतनदारीच्या जोखडातून माणसे सोडवण्याचे काम याच वर्षी पुढे गेले. महार वतने खालसा करून जमिनी रयतवारीने देण्याचा निर्णय आणि हजेरी बंद करण्याचा निर्णय दोन्ही 1918 चेच.

शिकारीतून थेट माणगाव परिषदेला कसे?

मुलाच्या मृत्यूनंतरही महाराजांच्या शिकारीच्या मोहिमा पूर्ण थांबल्या नाहीत. त्यातली एक इतिहासात नोंदली गेली, ती वेगळ्याच कारणाने.

21 आणि 22 मार्च 1920 रोजी आजच्या हातकणंगले तालुक्यातील माणगाव येथे अस्पृश्य समाजाची परिषद भरली. अध्यक्ष होते तरुण डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तेव्हा त्यांचे वय 28 वर्षांचे होते. महाराज शिकारीवर होते. ती सोडून ते मुद्दाम परिषदेला आले. जमलेल्या लोकांना त्यांनी सांगितले की तुम्हाला तुमचा खरा पुढारी मिळाला आहे आणि पुढे हा माणूस साऱ्या देशाचा पुढारी होईल. एका छत्रपतींनी असे जाहीरपणे म्हणणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पुढे दोनच वर्षांनी, 6 मे 1922 रोजी, मुंबईत खेतवाडी येथील पन्हाळा लॉजमध्ये महाराजांचे निधन झाले. ते 47 वर्षांचे होते. राधानगरीची भिंत तेव्हाही अर्धीच होती.

महाराजांनंतर धरण आणि जंगलाचे काय झाले?

राजाराम महाराजांच्या काळात धरणाचे काम पुन्हा हाती घेतले गेले आणि स्वातंत्र्यानंतरच्या दशकात ते पूर्ण झाले. धरणाची साठवण क्षमता सुमारे 8.36 टीएमसी आहे. पाण्याची पातळी वाढली की आपोआप उघडणारे सात स्वयंचलित दरवाजे ही त्याची ओळख. पावसाळ्यात राधानगरीचे किती दरवाजे उघडले, ही बातमी कोल्हापूरकर आजही सर्वात आधी शोधतात, कारण पंचगंगेची पूरस्थिती त्यावरूनही ठरते.

शिकारीच्या जंगलाचे नशीबही बदलले. 1958 मध्ये दाजीपूरचे जंगल गव्यांसाठी अभयारण्य घोषित झाले. हे महाराष्ट्रातील सर्वात जुन्या अभयारण्यांपैकी एक. 1985 मध्ये क्षेत्र वाढवून राधानगरी वन्यजीव अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्रफळ 351.16 चौरस किलोमीटर आहे. 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा दर्जा दिला, त्या यादीत महाराष्ट्रातील कास, कोयना आणि चांदोलीबरोबर राधानगरीही आहे.

देशभरात असे अनेक ठिकाणी घडले. संस्थानिकांनी शिकारीसाठी राखलेली रानं शेती आणि तोडीपासून वाचली आणि पुढे अभयारण्ये झाली. म्हणून शिकारीने जंगल वाचवले, असा सरळ निष्कर्ष मात्र काढता येत नाही. माळावरच्या चित्त्यांचे उदाहरण समोर आहे. भारतातला चित्ता 1952 मध्ये नामशेष घोषित झाला. 17 सप्टेंबर 2022 रोजी मध्य प्रदेशातील कुनो येथे नामिबियातून आणलेले चित्ते सोडावे लागले. शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणणाऱ्या देशाने या वेळी ते रानात राहण्यासाठी आणले.

मग आज कंपाउंड धनुष्य घेऊन शिकार करता येते का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार भारतात वन्य प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. मनुष्याच्या जिवाला धोका निर्माण करणाऱ्या प्राण्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यांचा निर्णय वनखात्याचे वरिष्ठ अधिकारी घेतात. हौस म्हणून शिकारीचा परवाना मिळण्याची सोय राहिलेली नाही.

या कायद्याने हत्याराची व्याख्या फार व्यापक केली आहे. बंदूक आणि स्फोटकांबरोबर धनुष्यबाण, सुरे, जाळी, विष, फासे आणि सापळे हे सर्व त्यात येते. म्हणजे राजाची महागडी बंदूक आणि पारध्याचा काही आण्यांचा फासा आज कायद्यापुढे एकाच रांगेत आहेत. शिकार साधली नाही, नुसता प्रयत्न झाला, तरी तो शिकार या व्याख्येत बसतो. अभयारण्याच्या हद्दीतील शिकारीसाठी किमान तीन ते कमाल सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे.

कंपाउंड धनुष्याचा शोध अमेरिकेतील मिसुरी राज्यातील होलेस ॲलन यांनी लावला. 1969 मध्ये त्यांना पेटंट मिळाले. दोन्ही टोकांना बसवलेली चाके आणि तारा यामुळे दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा ताण एकदम कमी होतो, म्हणून नेम धरून स्थिर राहता येते. अमेरिकेत परवाना काढून त्याने शिकार करता येते. परदेशी व्हिडीओ त्या कायद्याप्रमाणे बोलत असतात. ते महाराष्ट्राला लागू नाहीत.

भारतात या धनुष्याचे स्थान तिरंदाजीच्या मैदानावर आहे आणि तिथे महाराष्ट्र आघाडीवर आहे. 2023 मध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकारही असणार आहे. कमी पैशांत पहिले धनुष्य घेणाऱ्याने मैदानावरच्या प्रशिक्षकाला आधी विचारावे. आपल्या हाताच्या लांबीला बसेल, जितका ताण दमछाक न होता ओढता येईल तितकाच ठेवता येईल आणि पुढे वाढवता येईल, असे धनुष्य महागड्या पण न झेपणाऱ्या धनुष्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते.

राधानगरीला जाणाऱ्याने धनुष्य घरी ठेवावे आणि दुर्बीण घ्यावी. कोल्हापूरहून फोंडा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आधी धरण लागते, मग दाजीपूर. वनखात्याची परवानगी आणि ठरलेले शुल्क भरून जंगलात प्रवेश मिळतो. पावसाळ्यात प्रवेश बंद असतो, त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करावी. पहाटे किंवा संध्याकाळी मोकळ्या सड्यावर गव्यांचा कळप चरताना दिसला, तर गाडीतून न उतरता, आवाज न करता पाहावे.